बिननावाचं कार्ड

टीव्ही ट्यूनर कार्ड नावाची वस्तू तुमच्यापैकी किती जणांना आठवते? २००५-०६ च्या सुमाराला हॉस्टेलात राहणाऱ्या पोरांची ही फार लाडकी चीज होती. खोलीत टीव्ही ठेवायला रेक्टर परवानगी देत नसत, पण संगणक मात्र 'अभ्यासासाठी' चालायचा. त्याच्या पोटात हे कार्ड खोचायचं, मागच्या भोकात केबलची वायर लावायची, की झाला संगणकाचा टीव्ही. माझा भाचा नांदेडला शिकत होता तेव्हा त्याने असंच एक कार्ड घेतलं होतं. २००७ सालची टी-ट्वेंटीची भारत-पाकिस्तान फायनल त्यावर अख्ख्या मजल्याने पाहिली म्हणे. (त्याच्या आईला हे आज पहिल्यांदा कळतंय. असो.) पुढे त्याला नोकरी लागली, त्याने लॅपटॉप घेतला आणि हा जुना संगणक कार्डासकट आमच्याकडे सेनगावला आला. मी त्यावर टायपिंग शिकलो, हा ब्लॉग सुरू केला, पण त्या कार्डाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात पाहावं लागलं. कारण कपाटातली कॅसेट.

मे १९९६ मध्ये थोरलीचं लग्न झालं. शूटिंगसाठी हिंगोलीहून माणूस बोलावला होता. त्या काळची शूटिंगची पद्धत घरच्या मंडळींना आठवत असेल. खांद्यावर मोठा कॅमेरा, डोळे दिपवणारा दिवा, आणि नंतर 'मिक्सिंग' करून जी कॅसेट हातात यायची तिच्यात वरमाईच्या चेहऱ्यावर गुलाबाची पाकळी आणि सगळ्या आवाजावर सिनेमाची गाणी. कोण काय बोललं, मंगलाष्टकं कुणी म्हटली, काही कळायला मार्ग नाही. त्यावेळी मी थोडी घासाघीस करून मिक्सिंगच्या आधीची मूळ कॅसेटही मागून घेतली होती. त्या मूळ कॅसेटमध्ये हळदीच्या दिवशीचं जातं पुजणं आहे. आणि जात्यावर बसून माझी माय ओव्या म्हणतेय.

माय १९९८ साली गेली. तिचे फोटो आहेत तीन, त्यातला एक रेशनकार्डासाठी काढलेला. आवाज मात्र एवढाच, त्या कॅसेटमधला. तो मी शेवटचा ऐकला त्याला वीस वर्षं होऊन गेली, कारण आमचा व्हीसीआर बिघडला आणि पुढे भंगारात गेला. जगातही त्याचं तेच झालं. व्हीएचएसचा व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

"दुकानात द्या की करून," असं मला चौघांनी सांगितलं. दिली होती एकदा. शाळेच्या स्नेहसंमेलनाची कॅसेट डीव्हीडी करायला एका ठिकाणी दिली, ती आजतागायत परत आलेली नाही. दुकानही आता तिथे नाही. तेव्हा ही कॅसेट घराच्या बाहेर जाणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. व्हीसीआर मिळाला रिसोडच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर. त्याचा आतला रबरी पट्टा कडक होऊन तडकला होता, तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने बदलून दिला. म्हातारा म्हणतोय, पण माझ्याहून दोन वर्षांनी लहानच असेल तो. आता व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये काहीतरी लागणार होतं, आणि ते संगणकाच्या पोटात आधीच बसलेलं होतं. त्या कार्डाला केबलच्या भोकाशेजारी एक पिवळं भोक असतं. व्हीसीआरचं चित्र तिथून आत घेता येतं.

कार्डाबरोबर आलेली सीडी भाच्याने जपून ठेवली होती. ती एक्सपीच्या काळातली. आज जी विंडोज मिळते ती त्या सीडीतला ड्रायव्हर उभाही करून घेत नाही, आणि कार्ड बनवणाऱ्यांनी त्यानंतर नवा ड्रायव्हर काढलेला नाही. कंपनीच्या दृष्टीने ते कार्ड मेलेलं आहे. पण माझ्या संगणकावर आहे लिनक्स.

ते कसं आलं हे थोडक्यात सांगतो. नोकरीत असताना सगळ्यांसारखी मीही एमएस-सीआयटी केली होती, तेवढंच माझं संगणकाचं शिक्षण. जुन्या संगणकावर नवी विंडोज रांगायला लागली तेव्हा भाच्याने त्यावर डेबियन टाकून दिलं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे, त्यात लिनक्सचे धडे मराठीतून बोलून दाखवलेले आहेत. एकेक धडा दहा-बारा मिनिटांचा. वही घेऊन बसलो आणि टर्मिनलवर आज्ञा कशा द्यायच्या ते शिकलो. इंग्रजीची मला भीती नाही, पण बीए मराठी माध्यमातून केलेल्या माणसाला 'आता ही आज्ञा टाइप करून एंटर दाबा' हे आपल्या भाषेत ऐकलं की निम्मा ताण जातो. मुलांना शिकवताना आपण हेच तर पाहत आलो.

तर आता कार्ड. संगणकाला कार्ड दिसतंय का हे पाहायला एक आज्ञा असते, एलएसपीसीआय. वर्गाची हजेरीच ती. बोर्डावर बसलेली एकेक वस्तू 'हजर' म्हणते. आमचं कार्ड पहिल्या दिवशी गैरहजर. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मामा, कार्ड काढा आणि त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासा. मला वाटलं थट्टा करतोय. पण चाळीस वर्षं खडू-डस्टर-खोडरबर यांच्याच संगतीत गेली, घरात रबराला काय तोटा! घासलं, फुंकर मारली, परत खोचलं, आणि हजेरीत नाव आलं, फिलिप्स सेमीकंडक्टर्स, एसएए७१३०.

हे कार्डाचं नाव नव्हे, कार्डावरच्या मुख्य चिपचं नाव. घोळ इथूनच सुरू होतो. त्या काळी दोन चिप सगळीकडे होत्या. एक ब्रुकट्री कंपनीची बीटी८७८, दुसरी फिलिप्सची एसएए७१३० आणि तिची भावंडं. या चिप घेऊन जगातल्या शेकडो लहानमोठ्या कारखान्यांनी आपापली कार्डं बनवली. चिप तीच, पण तिच्या पायांना काय कुठे जोडलं ते प्रत्येकाचं निराळं. कुणी पिवळं भोक एका पायाला डाखलं, कुणी तिसऱ्याच. म्हणून नुसती चिप ओळखून भागत नाही, कार्ड कुणाचं आणि कोणतं हे कळावं लागतं. त्यासाठी शहाणे कारखानदार कार्डावर आणखी एक बारीकशी चिप बसवतात, ईईप्रॉम. तिच्यात कार्डाची ओळख लिहिलेली असते. गळ्यातलं ओळखपत्रच म्हणा.

आमच्या कार्डाला ते ओळखपत्र नव्हतं. ओळखीच्या जागी चार शून्यं.

लिनक्स सुरू होताना आतमध्ये काय काय घडलं याची एक डायरी असते, ती डीमेसेज या आज्ञेने वाचता येते. ती उघडली आणि मी खुर्चीत हसत बसलो. हा ड्रायव्हर गर्ड नॉर नावाच्या जर्मन माणसाने २००१ च्या सुमारास लिहायला घेतला. बिनओळखीचं कार्ड सापडलं की काय संदेश द्यायचा, हे लिहिताना त्या भल्या माणसाने आपला राग लपवलेलाच नाही. आधी चक्क 'आता त्रागा सुरू' अशी खूण. मग अभिनंदन, तुमच्या कार्डवाल्याने ईईप्रॉमचे चार पैसे वाचवले, त्यामुळे हे कार्ड कोणतं ते मला आपोआप ओळखता येत नाही. मग 'त्रागा संपला' अशी खूण, आणि आता जरा बरं वाटतंय, चांगली बातमी अशी की कार्डाचा क्रमांक तुम्ही स्वतः मला सांगू शकता, ही घ्या यादी. आणि खाली यादी, एकाखाली एक, दोनशेच्या आसपास कार्डं. मी शब्दशः नाही सांगत, भावार्थ सांगतोय. पण यंत्राकडून इतकं माणसासारखं बोलणं मी पहिल्यांदाच वाचलं. कोऱ्या चेहऱ्याने 'एरर' म्हणून गप्प बसणाऱ्यापेक्षा हा शंभर पटीने बरा. काय बिनसलं, कुणामुळे बिनसलं आणि आता काय करा, तिन्ही सांगून मोकळा.

यादी नाही वापरली तर ड्रायव्हर कार्डाला शून्य क्रमांक देतो, म्हणजे 'अनोळखी, सर्वसाधारण'. हे वाचून मला आमचं दाखल-खारीज रजिस्टर आठवलं. माझ्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे बघा. आईला विचारलं तर ती सांगायची, मोठ्या पुरात झाला, नाहीतर ज्वारी खळ्यात होती तेव्हा झाला. गुरुजी तरी काय लिहिणार? शाळेत घालण्यापुरतं वय बसेल अशा बेताने १ जून टाकायची आणि पुढचं नाव घ्यायचं. माझीही कागदोपत्री जन्मतारीख तीच आहे, आणि मी स्वतः गुरुजी झाल्यावर कितीतरी पोरांना तीच दिली. काम चालतं, सर्वसाधारण म्हणून माणूस चालून जातो. कार्डाचं मात्र चालत नाही. शून्य क्रमांकाने ड्रायव्हर चिपच्या एकाच पायाकडे बघत बसतो, आणि चित्र दुसऱ्याच पायावर येऊन उभं असतं. पडदा काळा.

आता क्रमांक शोधायचा कसा? कार्डावर कारखान्याचं नाव नव्हतं, खोक्यावर होतं ते दुकानदाराने छापून घेतलेलं. सरसकट एकापासून दोनशेपर्यंत लावत बसणं बरं नव्हे, कारण चुकीचा क्रमांक दिला तर कार्डाला इजा होऊ शकते असा इशारा ड्रायव्हरच देतो. तेव्हा यादीतून फक्त एसएए७१३० चिपची कार्डं वहीत उतरवून काढली. मग प्रत्येकाचं चित्र शोधून आपल्या कार्डाशी ताडून पाहायचं. भोकं किती, कुठल्या बाजूला, ट्यूनरचा पत्र्याचा डबा आडवा की उभा. आठ-दहा दिवस रोज सकाळी तासभर हे काम. सौ. म्हणाली, "पोरीला स्थळ बघताना एवढे फोटो नव्हते बघितले तुम्ही."

एक बारीक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. क्रमांक बदलायचा तर आधी चालू असलेला ड्रायव्हर उतरवावा लागतो आणि मग नव्या क्रमांकाने पुन्हा चढवावा लागतो. उतरवायला गेलं की तो म्हणतो, 'वापरात आहे, उतरणार नाही.' कोण वापरतंय? तर त्याचाच धाकटा भाऊ, आवाजाचा ड्रायव्हर, त्याच्या खांद्यावर बसलेला असतो. आधी धाकट्याला उतरवायचं, मग थोरल्याला. आणि टीव्हीची खिडकी उघडी असेल तर ती आधी बंद. एकदा क्रमांक पक्का झाला की मॉडप्रोबच्या फोल्डरात एका ओळीची फाईल करून ठेवायची, म्हणजे संगणक सुरू झाल्यावर दरवेळी सांगावं लागत नाही.

आम्हाला तीन क्रमांक लागू पडला. यादीत तो फ्लायव्हिडिओ २००० नावाच्या कार्डाचा आहे. आमचं कार्ड ते नव्हे, पण त्याची जोडणी हुबेहूब उचललेली दिसते.

यादीच्या जोडीला ट्यूनरचाही क्रमांक द्यावा लागतो असं जिथे तिथे लिहिलेलं सापडतं. भाच्याने विचारलं, तो शोधला का? मी म्हटलं, अरे, ट्यूनर पकडणार काय? आता हवेत काही आहे का? कार्डाचा ट्यूनर जुन्या ॲनालॉग लहरी पकडणारा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८२ ला रंग आला, आणि आमच्यासारख्यांच्या घरावर अँटेना आली त्याच्याही नंतर, ती कावळा बसला तरी फिरायची. पोरगं माळवदावर, आई दारात, बाप टीव्हीपुढे, आणि 'आलं, आलं, गेलं' अशी आरोळी. ते सगळं आता इतिहासजमा. केबल ॲनालॉग बंद करून डिजिटल करण्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती, त्यात ग्रामीण भागही आला. दूरदर्शनने आपली जमिनीवरची ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आणि २०२२ पर्यंत मोजकी सोडून सगळी थांबली. फुकट दूरदर्शन आता घरावरच्या थाळीतून येतं, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेलं, आजचं फ्री डिश. त्याची भाषा या कार्डाला कळत नाही. म्हणजे टीव्ही ट्यूनर कार्डातला टीव्हीही गेला आणि ट्यूनरही गेला. उरलं ते पिवळं भोक, आणि आम्हाला तेच हवं होतं.

मायची कॅसेट अजून कपाटातच होती. इतक्या जुन्या कॅसेटची फीत दरवेळी डोक्यावरून घासत जाते, कधी अडकून तुटेल सांगता येत नाही. तेव्हा सगळे प्रयोग एका जुन्या क्रिकेट मॅचच्या कॅसेटवर चालले होते. तीन क्रमांक लागल्यावर त्या मॅचचं चित्र आलं, पण काळंपांढरं आणि सतत वर सरकणारं. टीव्हीटाइम नावाचा जो प्रोग्राम मी लावला होता तो मुळात अमेरिकेकडची एनटीएससी पद्धत धरून चालतो. आपल्याकडची पद्धत पाल. तिच्यात एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, त्यांच्यात ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३०. सेटिंगमध्ये पाल निवडलं आणि हिरवंगार मैदान स्थिर उभं राहिलं. नातू सुट्टीला आलेला होता, तो म्हणाला, "आबा, किती ब्लर आहे!" त्याला काय सांगणार.

चित्र आलं. आवाज नाही.

खरं सांगायचं तर मला चित्राशी तितकं कर्तव्य नव्हतं. मायचा चेहरा फोटोत आहे. मला आवाज हवा होता, आणि नेमका तोच येईना. पुन्हा डायरी उघडली. आवाजाच्या ड्रायव्हरने सरळ लिहून ठेवलेलं, एसएए७१३० ला डिजिटल आवाज येत नाही. म्हणजे बिघाड नाहीच, ती चिप जन्मतःच तशी. तिची थोरली भावंडं, ७१३३, ७१३४, चित्र आणि आवाज दोन्ही संगणकाकडे पोचवतात. ७१३० स्वस्तातली, ती फक्त चित्र देते. तिच्या कार्डावर आवाज एका भोकातून बाहेर काढून छोट्या वायरीने साउंड कार्डाला जोडायचा असतो. हॉस्टेलातल्या पोरांकडे ती वायर असायची, आमच्या खोक्यात नव्हती.

पण मग आवाजाने कार्डातून जावंच कशाला? व्हीसीआरच्या मागे चित्राचं भोक वेगळं आणि आवाजाचं वेगळं. आवाजाची वायर थेट संगणकाच्या मागच्या निळ्या भोकात, लाइन-इनमध्ये दिली. वायर हिंगोलीच्या बाजारात सत्तर रुपयांना मिळाली, एका टोकाला लाल-पांढरी दोन तोंडं, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी पिन. तरी शांतता. अल्सामिक्सर उघडलं तर लाइन-इनच्या खांबाखाली दोन एम. म्हणजे म्यूट. एम ही कळ दाबली की ते तोंड उघडतं. एवढ्याने ऐकू येतं, पण रेकॉर्ड व्हायला आणखी एक पायरी, एफ४ दाबून कॅप्चरच्या पानावर जायचं आणि लाइनवर स्पेसबार दाबायचा. हे दोन वेगळे दरवाजे आहेत हे जिथे लिहिलंय तिथवर पोचायला मला तीन संध्याकाळी लागल्या. क्रिकेटच्या समालोचकाचा आवाज स्पीकरमधून फुटला तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हणून.

मग एक दिवस पहाटे चारला उठलो. आमच्याकडे पहाटे वीज सहसा जात नाही, आणि रस्ताही शांत. कॅसेट आधी हाताने फिरवून पाहिली, फीत सैल नव्हती, बुरशीही दिसली नाही. एकदा शेवटापर्यंत पुढे पळवून परत मागे घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटून बसलेली वेटोळी मोकळी होतात. रेकॉर्डिंगसाठी एफएफएमपेग हा प्रोग्राम लावला. जसंच्या तसं चित्र घेतलं तर सेकंदाला वीस एमबीहून जास्त, तासाला पंचाहत्तर जीबीच्या घरात जातं. माझ्या डिस्कवर तेवढी जागा नव्हती. म्हणून चित्र न बिघडवता बांधणारी एक पद्धत आहे ती वापरली, निम्म्याहून कमी जागेत काम झालं. दुसरी भानगड अशी की चित्र येतं ट्यूनर कार्डाच्या घड्याळावर आणि आवाज साउंड कार्डाच्या. दोन घड्याळं कधी पूर्ण जुळत नाहीत. पाच मिनिटांत फरक कळत नाही, तासाभरात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. त्यालाही एफएफएमपेगमध्ये एक सोय आहे, आवाजाला हळूहळू ताणून चित्राशी जुळवत राहण्याची.

सुरुवातीला मांडव, आंब्याचे टाळे, आचारी. कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर आला की जो तो डोळे मिटून उभा. बाविसाव्या मिनिटाला जातं आलं. त्याला हळदकुंकू, मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, पाच सवाष्णी. मायला त्यात बसता येत नव्हतं, ती विधवा. ती बाजूला भिंतीला टेकून होती. पण ओवी कुणालाच पुरी येईना, एक ओळ झाली की हसायला लागायच्या. तेव्हा आमची आक्का म्हणाली, "माय, तूच म्हण." हे मी विसरून गेलो होतो. कॅसेटमध्ये ते स्पष्ट ऐकू येतं. माय आधी नको म्हणते, पदर सारखा करते, मग उठून जात्याच्या खुंट्याला हात लावते. कुणी अडवत नाही. आणि ती म्हणते. दोन मिनिटं पन्नास सेकंद. मागे जात्याची घरघर, मध्येच एक पोर रडतं, आणि शूटिंगवाला 'इकडं बघा आजी' म्हणून ओरडतो, त्याच्याकडे ती बघतही नाही.

तिचा आवाज माझ्या आठवणीत होता त्याहून जाड आहे. इतक्या वर्षांत मी तो मनातल्या मनात बारीक करून टाकला होता.

ओव्या मी इथे देत नाही, त्या घरच्या आहेत. पण तुमच्याकडे कुणी म्हणणारी असेल तर लिहून घेऊ नका, रेकॉर्ड करा, आजकाल प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बऱ्याच, अगदी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्याही, परी या संकेतस्थळावर २०१७ पासून आवाजासकट ऐकायला मिळतात. मी त्या ऐकत बसतो कधी कधी. मायची एखादी ओवी दुसऱ्याच बाईच्या तोंडून, दुसऱ्याच चालीत येते आणि दचकायला होतं.

आता काही जण विचारतील की एवढा खटाटोप कशाला, यूएसबीवर लावायचं यंत्र बाजारात मिळतं की. मिळतं. ज्यांच्याकडे जुना संगणक नाही त्यांनी तेच घ्यावं. पण माझं म्हणणं एवढंच की वीस वर्षांपूर्वीचं हे कार्ड, ज्याला बनवणाऱ्यानेच नाव ठेवलं नाही, त्याचा ड्रायव्हर आजच्या लिनक्समध्येही जागेवर आहे. मधल्या काळात कुणी कुणी येऊन त्याची डागडुजी केली, त्यातलं कुणी मला ओळखत नाही. लिनक्स म्हणजे फुकट, असं आमच्याकडे लोक म्हणतात. फुकट चहासुद्धा मिळतो. इतकी वर्षं कुणी तुमची वस्तू सांभाळून ठेवली, हे फुकटात मोजायचं का?

आक्का, तुझी प्रत पेनड्राईव्हमध्ये भरून ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात धाकटा जिंतूरला येतोय त्याच्या हाती पाठवतो. मोबाईलवर ऐकू नकोस, घरच्या टीव्हीला लाव, आवाज मोठा ठेव. व्हीसीआर रिसोडला परत द्यायचाय, त्याच्या आत ज्यांच्या ज्यांच्याकडे कॅसेटी पडून असतील त्यांनी घेऊन या. यायच्या आधी फोन करा. पहाटे चारला उठायची तयारी ठेवा. आणि मिक्सिंग केलेली आणू नका, मूळ असेल तर आणा.